डाव्या खांद्यावरचा वळ

१२ मार्च

ताई,

एरवी वाकून नमस्कार लिहितो, या वेळी अर्धाच वाकलोय असं समज. डावा खांदा काळानिळा झालाय. पट्ट्याचा हा एवढा वळ उठलाय, मानेपासून पार बरगडीपर्यंत. दवाखान्यातल्या डॉक्टरने चिठ्ठीवर नुसतं ‘खांद्याला मुका मार’ लिहिलं आणि वाटेला लावलं. शर्टाची बाही घालताना रोज देव आठवतो, म्हणजे तुझ्या दृष्टीने चांगलंच झालं म्हणायचं.

पेपरात वाचलंच असशील. रविवारी दुपारी तळ्याच्या रस्त्यावर राष्ट्राध्यक्षांच्या गाडीने सायकलवरच्या माणसाला उडवलं, चालक निलंबित. तो चालक मी. माणूस गेला, ताई. शाळेत चित्रकला शिकवायचे, मास्तर. वळणावर माझा अंदाज चुकला. एकोणीस वर्षांत गाडीवर ओरखडा नाही, आणि एकदम माणूसच.

साहेब मागे बसले होते. त्यांना काही लागलं नाही. तपासवाल्यांनी गाडी मोजली. सीट माझ्या मापाची, आरसे माझ्या मापाचे. माझ्याएवढा बुटका चालक अख्ख्या ताफ्यात नाही आणि साहेब तर ताडमाड, तेव्हा शंकेला जागाच नाही म्हणाले. तळ्यावर होड्या भाड्याने देणारा एक म्हातारा बडबडतोय, की उजव्या दाराने पांढऱ्या केसांचा माणूस उतरताना पाहिला. लांबून त्याला काय दिसणार!

तू कोर्टात आहेस म्हणून विचारतो. अशा केसमध्ये किती वर्षं होतात? फोन करू नकोस, इथले फोन ऐकले जातात. पत्रच लिही. आणि रागावू नकोस.

तुझा
चाक्या


१७ मार्च

चाक्या,

किती वर्षं होतात ते मागाहून. आधी मला सांग, तू गाडीत बसला होतास कुठे?

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं. चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. अण्णांच्या बसमध्ये त्यांच्या पाठीमागच्या बाकावर बसून आपण दोघांनी अर्धं बालपण काढलं, मला गाडी येत नसली तरी एवढं कळतं. डाव्या खांद्यावर वळ उठतो तो शेजारी बसणाऱ्याच्या. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आरशात पाहून डावं-उजवं केलं असशील, असंही स्वतःला सांगून पाहिलं. पण शर्टाची बाही काही आरशात चढवत नाही माणूस.

दुसरं असं, की सव्वीस वर्षं मी न्यायमूर्तींची स्टेनो आहे. साक्षीदार न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला लागला की आमचे न्यायमूर्ती पेन खाली ठेवतात. सीट कुणाच्या मापाची होती, हे मी तुला विचारलं होतं का रे?

मास्तर गेले याचं फार वाईट वाटलं. तुझ्या हातून गेले यावर मात्र माझा विश्वास बसत नाही. लहानपणी मुंगी मेली तरी जेवायचा नाहीस. खरं काय ते लिही. मला लिहिणार नाहीस तर कुणाला लिहिशील?

ताई


२६ मार्च

चाक्या,

तुझं पत्र काल मिळालं. शेवटी तीनदा लिहिलंस, वाचून जाळून टाक. जाळलं. हेही तू जाळ.

म्हणजे साहेबच चालवत होते. दर रविवारी दुपारी स्टिअरिंग हातात घ्यायची त्यांची हौस, संरक्षणाची गाडी अर्धा किलोमीटर मागे ठेवायचा हुकूम, आणि तू शेजारी जीव मुठीत धरून. मास्तरांचं डोकं तू मांडीवर घेतलंस आणि ते एवढंच म्हणाले, “माझी सायकल कुठाय?” ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ती सायकल जात नाही.

आणि पुढे तू जे केलंस त्यावर हसावं की रडावं? साहेब मागे जाऊन बसले, गाडी बाजूला घ्यायला तू स्टिअरिंगवर बसलास, आणि हातांनी आपोआप अण्णांचा धडा गिरवला. आधी सीट, मग आरसे, मग बाकीचं जग. डेपोत दुसऱ्याची गाडी ताब्यात घेताना ते तसंच करायचे. पण अरे, बाहेर माणूस मरून पडलाय आणि तू आरसे लावतोयस! मुद्दाम पुरावा पुसणाऱ्यालाही इतकं चोख काम जमलं नसतं. तू समोर असतास तर एक थोबाडीत दिली असती आणि मग जवळ घेतलं असतं.

आता साहेबांचं म्हणणं. ‘मी खुर्चीत आहे तोवर माझ्यावर खटला चालूच शकत नाही, म्हणजे खरं सांगून कुणाचंच भलं नाही. तू अंगावर घे. शिक्षा झालीच तर माफीचा कागद माझ्याच सहीने निघतो.’ ऐकायला गोड आहे. पण त्यातलं पहिलं वाक्य अजून कुठल्याही कोर्टाने म्हटलेलं नाही. घटनेत एवढंच आहे, की पदाच्या कामासाठी त्यांना कोर्टात खेचता येणार नाही. रविवारी हौसेने गाडी हाकणं हे पदाचं काम आहे का? कुणी ठरवलेलंच नाही ते. आणि तू मात्र ते ठरलंय असं धरून स्वतःची मान पुढे केलीस.

ऊठ आणि खरी जबानी दे. हात जोडते.

ताई


९ एप्रिल

ताई,

त्या विषयावर आता कागदावर काही नको. मी जे पहिल्यांदा लिहिलं तेच खरं धरून चाल.

खांदा बरा आहे, वळ गेला. क्वार्टर अजून आमच्याकडेच आहे, पगारही चालू आहे. घरी असतो म्हणून ही मला रजेवर असल्यासारखं मुद्दाम बाजारात पाठवते. मटार निवडायला शिकलोय.

तू साहेबांना ओळखत नाहीस. अण्णांच्या शेवटच्या दिवसांत स्वतःचा डॉक्टर कुणी पाठवला? अण्णा गेले तेव्हा संसदेची बैठक सोडून आपल्या दारात कोण उभं होतं? तू रडत होतीस म्हणून तुला दिसलं नसेल, पण अण्णांना खांदा देणाऱ्यांत ते होते. एका चालकाच्या बापाला! एकोणीस वर्षांत मला ‘अरे’ म्हणून हाक मारली नाही त्या माणसाने. त्यांनी शब्द दिलाय. तुम्हा कोर्टवाल्यांना सहीशिवाय काही खरं वाटत नाही, आम्हाला शब्द पुरतो.

मास्तरांच्या बायकोने याचिका टाकली म्हणे. टाकू दे. बाईंचं दुःख मोठं आहे.

चाक्या


१९ जून

चाक्या,

हे पत्र नवरा झोपल्यावर, अंधुक दिव्यात लिहितेय. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच, पण वाचून झाल्यावर जाळ. मी तुझं जाळलं तसं.

ती याचिका आमच्याच न्यायमूर्तींपुढे आली. चालक माझा भाऊ आहे हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. लग्नानंतरच्या आडनावामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी गप्प बसले. सांगितलं असतं तर त्या खोलीत दुसरी स्टेनो बसली असती, आणि मला तिथे बसायचं होतं. ही माझी पहिली चूक. हे पत्र दुसरी.

मास्तरांची बायको रोज आमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसते. कागद ठेवायला तिच्याकडे मास्तरांचा चित्रं ठेवायचा तो मोठा पुठ्ठ्याचा फोल्डर आहे, दारातून आडवाच आणावा लागतो. परवा मला म्हणाली, “बाई, निकाल कधी लागेल हो? शाळेला सुट्टी मागावी लागते.” तीही शाळेतच आहे, मुलांना गणित शिकवते. मी म्हटलं, “मला काही सांगता येत नाही.” आणि आता तेच तुला सांगायला बसलेय.

काल न्यायमूर्तींनी मसुदा सांगितला, मी उतरून घेतला. पुढच्या महिन्यात निकाल आहे. तीन गोष्टी आहेत. एक, पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षावर पद सुटेपर्यंत फौजदारी खटला चालवता येणार नाही. इथवर साहेब बरोबर. दोन, पण तपास थांबणार नाही, पुरावे कोर्टाच्या ताब्यात सीलबंद राहतील आणि मुदत संपली की खटला उभा राहील. तीन, आणि हे तुझ्यासाठी आहे: ज्या गुन्ह्यात राष्ट्राध्यक्षाचं स्वतःचं नाव गुंतलंय, त्यात त्याला कुणालाही माफी देता येणार नाही. कळलं का? तुझा तो कागद निघायचाच नाही. साहेबांनी मनापासून शब्द दिला असेल, तरी तो शब्द त्यांच्या हातात राहणार नाही.

निकालाआधी आपणहून जबानी दिलीस तर तू साक्षीदार. निकालानंतर दिलीस तर आरोपीची सारवासारव. मधे तीन आठवडे आहेत. आजवर त्या खोलीतलं एक अक्षर मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तुला सांगितलं, कारण तू माझा भाऊ आहेस.

जाळ. आणि जा.

ताई


२३ जून

ताई,

एक गोष्ट केलीय. तू आधी चिडशील, मग तुलाही पटेल.

तुझं पत्र वाचून झोप उडाली. जबानी द्यायला निघालो होतो, खरंच. इस्त्रीचा शर्टही घातला होता. मग वाटलं, ज्या माणसाने एकोणीस वर्षं घरच्यासारखं वागवलं त्याला न विचारता, मागच्या दाराने जायचं? हे काही बरं नाही. म्हणून आधी साहेबांकडे गेलो. पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, साहेब, ताई असं लिहिते, माफीचं जमणार नाही म्हणते, तर मी काय करू?

त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मग हसले. म्हणाले, “बहीण असावी तर अशी.” चहा मागवला. मला खुर्चीवर बसायला लावलं, ताई, त्यांच्या समोरच्या खुर्चीवर. म्हणाले, “निकाल अजून लागलाय कुठे? घाबरून जाऊ नका.” आणखी पत्रं आहेत का विचारलं. मी क्वार्टरवर जाऊन पुडकं आणून दिलं. हातचं राखून ठेवलं असतं तर त्यांना वाटलं असतं, माझा विश्वास नाही.

एकदम हलकं वाटतंय. तुझा उल्लेखही त्यांनी किती आदराने केला!

चाक्या


४ जुलै

चाक्या,

तुझं पत्र माझ्या हाती पडायच्या आधी माझं पत्र पेपरात छापून आलं होतं. पहिल्या पानावर. नुसती बातमी नाही, फोटो. माझ्या अक्षरात, ‘नवरा झोपल्यावर’ पासून ‘इथवर साहेब बरोबर’ पर्यंत. तपासाचं, माफीचं, जबानीचं, त्याखालच्या सगळ्या ओळींवर काळी पट्टी. ‘निकालाआधीच मसुदा फुटला, न्यायालयावर विश्वास कसा ठेवायचा?’ असं तुझे साहेब व्यथित होऊन म्हणाले.

न्यायमूर्तींनी मला आत बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पेपर पुढे केला आणि विचारलं, “अक्षर तुमचंच का?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “सव्वीस वर्षांत तुमचा एक स्वल्पविराम चुकला नव्हता.” एवढंच. दुपारी त्यांनी खटल्यातून अंग काढून घेतलं. मसुदा माझ्यादेखत यंत्रात घालून त्याच्या चिंध्या केल्या. सगळं पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या न्यायाधीशांपुढे. मला संध्याकाळी बडतर्फीचं पत्र मिळालं. टेबलाच्या खणात माझा डबा, एक छत्री आणि पेन्सिली होत्या, त्या पिशवीत भरून निघाले.

बाहेर बाकावर ती होती. मला वाटलं, तोंडावर थुंकेल. ती म्हणाली, “तुम्ही त्याच्या बहीण आहात हे मला आधी सांगितलं असतंत तर!” आणि फोल्डर आडवा धरून जिना उतरून गेली.

साहेब तुझ्या तोंडाला पानं पुसतील ही भीती मला पहिल्या दिवसापासून होती. तू माझा गळा कापशील हे मनातही आलं नव्हतं. आणि कापलास तोही इस्त्रीचा शर्ट घालून, चहा पीत. माझा विश्वासघात केलायस तू. तुला ते कळत नाहीये, म्हणून स्पष्ट लिहिते. मी सांगितलं होतं, जाळ. काडीपेटी नव्हती का घरात?

ताई


२० नोव्हेंबर

ताई,

तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली. हे पाठवतोय. इथले लोक वाचून मगच पुढे पाठवतात. वाचू देत.

नवीन खंडपीठाचा निकाल तू वाचलाच असशील. दीड पान. पदावर आहेत तोवर खटला नाही, याचिका निकाली. तपासाचं, पुराव्याचं, माफीचं अवाक्षर नाही. पद सुटल्यावर कुणाला यायचं तर या, एवढंच. मग माझा खटला आठ दिवसांत आटोपला. खुर्चीत नसलेला मी एकटाच होतो ना. चार वर्षं.

माफीसाठी दोन अर्ज केले. आता तर त्यांना अडवणारंही कुणी नव्हतं. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याचं कचेरीतून आलं, तीन ओळींचं, नावही चुकीचं. मग इथल्या टीव्हीवर त्यांचं भाषण लागलं. म्हणाले, “कायदा सर्वांना सारखा आहे. माझा चालक असला म्हणून मी त्याला पाठीशी घातलं नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बाजूच्या कैद्यानेही वाजवल्या, त्याला माहीत नव्हतं मी कोण ते. ताई, त्या माणसाने अण्णांना खांदा दिला होता. मला त्यांनी कुत्र्यासारखं दारात सोडून दिलं.

हिने क्वार्टर सोडलं, माहेरी गेली. खरं काय ते तिला निकालानंतर सांगितलं, तेव्हापासून ती भेटायला आली नाही.

मी खरी जबानी लिहून दिली. अधिकारी म्हणाला, “शिक्षा झाल्यावर आठवलं का?” सीट माझ्या मापाची, आरसे माझ्या मापाचे, वळ कधीच गेला, आणि तुझी पत्रं साहेबांकडे. होडीवाला म्हातारा जबानी फिरवून गावाला गेला.

आता एकच गोष्ट आहे. मार्चमध्ये मी तुला लिहिलेलं ते पत्र. त्यात सगळं होतं, कोण चालवत होतं, कुठल्या वळणावर, मास्तर काय म्हणाले. अपघातानंतर पंधरा दिवसांच्या आतला पोस्टाचा शिक्का आहे त्यावर. याचिका नव्हती, शिक्षा नव्हती, तेव्हाचं. ते असेल तर कुणीही म्हणू शकणार नाही की मी नंतर रचलं.

तू म्हणालीस जाळलं. पण तू माझं कधी काही ऐकलंयस का? लहानपणी मी दार लावून घे म्हटलं की तू मुद्दाम उघडं टाकायचीस. माझ्या वह्या, माझी बक्षिसाची शिट्टी, सगळं तू न सांगता जपून ठेवलंस. सांग ना, की याही वेळी ऐकलं नाहीस.

चाक्या


३ डिसेंबर

चाक्या,

जाळलं.

२५ मार्चला आलं, उभ्याउभ्या दोनदा वाचलं, आणि स्वयंपाकघरात गॅसवर धरलं. पाकीटही, शिक्क्यासकट. राख मोरीत टाकून वरून पाणी सोडलं. तुझं आयुष्य त्या कागदावर आहे हे मला कळत होतं. ठेवावं असं मनात आलंही होतं. पण तू तीनदा लिहिलं होतंस, आणि मला वाटलं, या एका बाबतीत तरी याला कुणी दगा देऊ नये. आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकलं, ते हे असं.

तुझं पत्र आल्यापासून मी स्वतःला शिव्या घालतेय आणि तुलाही. दोन्ही पुरत नाहीत.

आता पुढचं. हे पत्र तुझ्याआधी तुरुंगवाले वाचतील, म्हणून काम आधी करून मग लिहितेय.

तुझी आणखी तीन पत्रं माझ्याकडे होती. कपाटात वीजबिलांखाली. ती जाळ असं तू कधी म्हणाला नव्हतास. एप्रिलचं आणि जूनचं बिनकामाचं, गाडी कोण चालवत होतं ते दोन्हींत कुठेच नाही. पण पहिलं, १२ मार्चचं, ज्यात तू धडधडीत खोटं लिहिलंयस, की गाडी मीच चालवत होतो, त्यात दुसऱ्याच वाक्यात आहे: ‘डावा खांदा काळानिळा झालाय. पट्ट्याचा हा एवढा वळ उठलाय.’ तुझ्या अक्षरात. अपघातानंतर चौथ्या दिवशीचा शिक्का. ते लिहिताना तुला माहीतच नव्हतं की तू काय लिहितोयस, म्हणून ते रचलं असं कुणाला म्हणता येणार नाही. दवाखान्यातल्या चिठ्ठीवर नुसता खांदा आहे, कुठला ते या पत्रात आहे.

ते घेऊन मी मास्तरांच्या घरी गेले. दारातच उभी राहिले, तिने आत या म्हटलं नाही. पत्र तिथेच वाचलं. वळाच्या ओळीवर बोट ठेवून तिने विचारलं, “म्हणजे तो शेजारी होता?” मी हो म्हटलं. मग तिने हवेतच आधी एक खांदा, मग दुसरा, असा पट्टा ओढून पाहिला. गणिताची बाई ती, ताळा करूनच मानणार. म्हणाली, “हे तुमच्या भावाला सोडवायला आणलंत?” मी म्हटलं, “नाही. तुमचा निकाल माझ्यामुळे बुडाला, म्हणून आणलं.” तेव्हा तिने मला बसायला पाट दिला नाही, पण पाणी दिलं. फोल्डरमधली चित्रं बाजूला करून पत्र मधोमध ठेवलं. परवा ते वकिलांमार्फत कोर्टात जमा झालं, पोच मी डोळ्यांनी पाहिली.

साहेबांची मुदत संपायला तेरा महिने आहेत. तोवर ते पत्र कोर्टाच्या कपाटात बसेल आणि तू आत. त्यानंतर काय होईल ते मला सांगता येत नाही. हे वाक्य मी सव्वीस वर्षं म्हणत आलेय, आज पहिल्यांदा ते खरं आहे.

भेटायला येणार नाही. येईन तेव्हा तुला जवळ घ्यावंसं वाटेल, आणि अजून ते वाटायला नकोय मला. मटार निवडता येतात म्हणून लिहिलं होतंस, तर तिथल्या स्वयंपाकघरात काम माग, उन्हात गाड्या धूत बसू नकोस. खांद्याची काळजी घे.

पत्र लिहायचं तर लिही. पण त्यात ‘जाळून टाक’ असं कधी लिहू नकोस. मी जाळते.

ताई